मास्तरांजवळ उरलेला शब्द

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. सोलापुरात मला 'बाक' म्हणतात. माझा जन्म युरोपातल्या थंड, जर्मानिक मुलखात झाला. तिथे धुराने काळवंडलेल्या घरांत भिंतीलगत लांब फळी असे. तिच्यावर माणसे बसत, निजत, आणि मेलेल्या माणसालाही तिच्यावरच ठेवीत. त्या फळीचे नाव मी. पुढे माझा वंश पांगला. इटलीतल्या सराफांच्या फळीवरून बँक निघाली, इंग्रजांकडे बेंच झाले. मी मात्र पोर्तुगीजांच्या गलबतातून कोकणात उतरलो आणि घाट चढून वर आलो.

ही माझी कुळकथा शुक्रवार पेठेतले यज्ञेश्वर मास्तर वर्गात रंगवून सांगत. एकतीस सालच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. सारे शब्द गेले, मी एकटा उरलो. तहान लागली तरी 'बाक', उकडले तरी 'बाक'. त्यांची मुलगी लीला नुसत्या सुरावरून ओळखायला शिकली.

एका दुपारी मास्तर ओसरीवरच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला फार हळू उच्चारले आणि सरकून शेजारी जागा केली. लीला आत चुलीपाशी होती. मी तिच्यापर्यंत पोचलोच नाही. पण आपल्याला कोणी ऐकले की नाही, हे शब्दाला कळते, मित्रांनो. मला कोणीतरी ऐकले होते.

मग हे रोजचेच झाले. लीला त्या जागी बसायला गेली, तर मास्तरांनी तिला हळूच दूर सारले. शेळीचे दूध घालायला येणाऱ्या केराबाईने ते पाहिले.

"तुमच्या आईला बोलावत्यात ते," ती म्हणाली. "बाक हलवा हितनं. न्हाईतर न्हेईल ती त्यांना."

आईला जाऊन बरीच वर्षे लोटली होती. भेदरलेल्या लीलाने बाक परसात नेऊन टाकला. त्या दिवसापासून मास्तरांनी मलाही टाकले. पाणी मागेनात, घास घेईनात. शेवटी लीलानेच रडत रडत बाक परत आणवला.

"आण्णा, बसा," ती म्हणाली. "मी नाही अडवणार."

संध्याकाळभर मास्तर बोलत होते. शब्द एकच, सूर निराळे. मधे थांबत, ऐकल्यासारखे करीत. लीला दिवा घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. मान एका बाजूला कलली होती. तिकडे टेकायला काहीच नव्हते, तरी ते पडले नव्हते.

मित्रांनो, कोणाजवळ एखादाच शब्द उरला असेल, तर तो निरर्थक म्हणून हिरावून घेऊ नका. भीती वाटली तरी ऐका. लीला पुढे जन्मभर त्या बाकावर बसत राहिली, अगदी कडेला, दोघांना पुरेल एवढी जागा सोडून.