त्रेचाळिसावं पान

काकांच्या समग्र कवितांचं शेवटचं प्रूफ संध्याकाळी छापखान्यात द्यायचं होतं. आणि त्रेचाळिसावं पान मी कपाटात चादरींखाली लपवलं होतं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. उभ्या जन्मात एका प्रकाशकाची पायरी चढले नाहीत. कविता स्वतःच सायक्लोस्टाइल करायच्या, सत्कार-समारंभांच्या दारात उभं राहून वाटायच्या आणि आतल्या थोरामोठ्यांची सालटी काढायची, हा त्यांचा उद्योग. पोलिसांनी उचललंही होतं. आता आपण कवी होतो हेच त्यांना आठवत नाही. चहा आठवतो, प्यायलेला आठवत नाही.

प्रूफ तपासायला दोघं लागतात. एकानं विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदाशी ताडून बघायचं. माझी मैत्रीण येणार होती, ती नेमकी तापानं पडली. बाबा निवृत्त मुद्रितशोधक, पण भावाच्या कवितेला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. तेच चष्मा पुसत टेबलाशी येऊन बसले.

"मी वाचतो. तू बघ."

नको कुठल्या तोंडानं म्हणू? झाली का पंचाईत!

बाबांचं वाचन सपाट, वाणसामानाची यादी वाचावी तसं. खिडकीशी बसलेले काका मात्र रंगात आले होते. "बरा लिहितो हा," ते म्हणाले. "जरा आगाऊ आहे."

बेचाळीस संपलं आणि बाबा थांबले. "त्रेचाळीस कुठंय?"

"छापखान्यातूनच आलं नसेल."

"जन्म गेला माझा यात. आण."

मी आणलं. काका कोठडीतून सुटून थेट आमच्या दारात आले होते, आणि नोकरी जाईल या भीतीनं बाबांनी कडी काढली नव्हती. या पानावरची कविता त्याच प्रसंगाची. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आजारपणानंच काकांना या घरात आणलं. आता बाबा कोलमडतील, नाहीतर पानच फाडतील, असं मला वाटलं.

"तू आत होतास, स्वल्पविराम, मी दार वाजवत होतो, पूर्णविराम," बाबा वाचू लागले. "फळीपलीकडे तुझा श्वास ऐकू येत होता, पूर्णविराम. भित्र्या, स्वल्पविराम, मर आतच..."

त्यांच्या तोंडून पूर्णविराम निघेना.

"शेवटची ओळ खोटी आहे," काका म्हणाले. "मरावं असं वाटत असतं तर हा दारात एवढा वेळ थांबला असता का? काढून टाका ती."

बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग त्यानं उघडलं का दार?" काकांनी विचारलं.

"नाही."

"अरेरे," काका म्हणाले आणि चहाचं विचारू लागले.

बाबांनी पेन्सिल उचलली. मला हायसं वाटलं, चला, आता ओळ जाईल. पण त्यांनी समासात आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'आहे तसं ठेवा.'

"अहो बाबा, काकांनीच काढायला सांगितली ना?"

"ती कुणाला लिहिली होती ते तो विसरलाय," बाबा म्हणाले. "मी नाही विसरलो."

मग ते उठले आणि भावासाठी चहा टाकायला आत गेले.