पाच तासांची वाट

कडुबानं एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यामुळं वेळापत्रकाबाबत त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. तिथंच घोळ झाला बघा. तनुजाचं विमानाचं तिकीट त्यानं स्वतः वाचलं होतं. मुंबईहून रात्री दोनला निघणार, अमेरिकेत नेवार्कला सकाळी सातला उतरणार. म्हणजे पाच तास. इथून, चिकलठाण्याहून, पुण्याला एसटी तेवढाच वेळ घेते. एकुलती एक पोरगी तो तिकडं द्यायला तयार झाला, तो याच हिशोबावर. "काही झालं तर पाच तासांत मी दारात," असं त्यानं तिला निघताना छातीठोक सांगितलं होतं.

आणि आता सकाळचे नऊ वाजले तरी तिचा फोन नाही. तिचा नंबर बंद. तिकडं जावयाला विचारावं, तर कडुबाच्या मोबाइलवरून परदेशी फोन लागतच नव्हता.

दहाच्या सुमाराला चिकलठाण्यात टँकर आला. विहिरी कधीच्या आटलेल्या, ज्वारीच्या रानात इमारती उठलेल्या, त्यामुळं पाण्याला ही झुंबड. कडुबा ड्रमला पाइप लावून उभा होता. तेवढ्यात पलीकडच्या विमानतळावर एक विमान घरघरत उतरलं आणि त्याची नजर तिथंच अडकली. ड्रम भरून पाणी वाहायला लागलं तरी त्याला पत्ता नाही. मागच्या बायकांनी त्याचा चांगलाच उद्धार केला.

"ध्यान कुठंय तुमचं?" त्याची बायको आशाबाई म्हणाली. "पोरीचा फोन आला का?"

"येईल की. दमली असंल."

बोलला खरा, पण तो आतून पार हादरला होता. गाडीला तासभर उशीर झाला तर पंक्चर, जास्त झाला तर इंजिन, हे त्याला ठाऊक. त्यापुढं गेला की डेपोत कुणी कुणाशी बोलत नाही. शेजाऱ्यांना विचारायची त्याला भीती वाटत होती. तोंडातून अभद्र शब्द निघाला आणि तोच खरा झाला तर? आशाबाई टीव्हीवर बातम्या लावायला उठली, तसा तो लाइट गेलीय म्हणाला. खोटंच. त्यानं गुपचूप मेन स्विच पाडला होता. 

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. घाईत त्यानं भलतंच बटण दाबलं आणि आधी तो कटच झाला. परत वाजला.

"दादा, पोचले. आत्ताच उतरले."

"आत्ता? सकाळी सातला उतरणार होतीस ना?"

"अहो, इथं सकाळच आहे. तिकिटावर इथली वेळ असते. पंधरा तास बसून पाय सुजलेत नुसते."

 जिवंत होती, बोलत होती. देवा रे.

"किती लांब हाय गं ते?"

"साडेबारा हजार किलोमीटर."

त्यानं उभ्या जन्मात पासपोर्ट काढला नव्हता. निघताना पोरीला आपण काय कबूल केलं, ते त्याला आत्ता कळलं. सकाळपासूनची भीती गेली म्हणेपर्यंत दुसरी येऊन बसली.



"तनू," तो हळूच म्हणाला, "तिथं आजारी पडू नको, बाई. मला यायला लई उशीर लागंल."