एक जूनची मुलं

बालगृहातली मुलं वर्षभर वाढायची नाहीत. वाढायची ती एक जूनला, सगळी एकदम, सकाळची प्रार्थना आणि पोहे यांच्या मधल्या वेळात. ज्याचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही त्याला कागदावर एक जून हीच तारीख मिळते, आणि इथं आलेल्यांपैकी कुणाचाच जन्म कुणी लिहून ठेवला नव्हता. त्यामुळे मे संपत आला की कोठीतून मोठ्या मापाचे फ्रॉक आणि चड्ड्या बाहेर निघत. प्रार्थना संपली की मुलं ओळीनं उभी राहत, हाडांचा बारीक आवाज येई, वाळल्या काटक्यांवर पाय पडल्यासारखा, आणि बटणं तुटून फरशीवर उडत. पाहुणे टाळ्या वाजवत. पाहुणे दरवर्षी येत, सगळ्यांत मिळून एक केक आणत, त्यावर कुणाचंच नाव नसे, आणि मुलं वाढताना मोबाइलवर शूटिंग करत. कुंदा भोयर त्या वेळी खाली ओणवून बटणं वेची. ती इथं काळजीवाहक होती, आणि पाहुण्यांची तोंडं बघायची नसतील तर बटणं वेचण्यासारखं दुसरं काम नाही, हे तिला कळलं होतं.

झुंबर आली ती दिवाळीनंतर. आठवडी बाजार उठल्यावर कोबीच्या पाल्याच्या ढिगात बसलेली सापडली. पुढचे दोन दात पडलेले. नाव तिनंच सांगितलं. आईबापाचं काही सांगेना. वय ठरवायचं म्हणून कुंदा तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथं हाताचा एक्स-रे काढतात आणि हाडावरून वय सांगतात. मशीन बघून झुंबर इतकी थरथरायला लागली की कुंदानं तिचा हात आपल्या हातानं दाबून धरला. फोटोत एकच हात आला. कुंदाचा, बांगडीसकट.

डॉक्टरनं एक्स-रेची फिल्म उजेडाकडे धरली आणि वय चाळीस असं सांगितलं.

"तो हात माझा आहे," कुंदा म्हणाली.

"असेल. हाड चाळीसचं आहे."

"पण ते हिचं नाही."

"वर नाव झुंबर लिहिलंय," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्याला आत बोलावलं.

संस्थेचे सचिव खडतकर सर मनानं वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी कुंदाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले की एक जूनला ही बाई अठराच्या वर जाणार, म्हणजे तिला बाहेर सोडावं लागणार. नियम आपण केलेला नाही. मग हसून म्हणाले, तुमच्याच वयाची निघाली की, मैत्रीण झाली तुम्हाला. कुंदानं कप उचलून मोरीत ठेवला, नाहीतर तो खडतकरांच्या टकलावर फुटला असता. मुलांत फार गुंतता तुम्ही, असं ते मागून बोलले. या लायनीत हा एकच गुन्हा आहे. मारझोड करणारा बदली होऊन दुसरीकडे जातो. गुंतणाऱ्याला मात्र प्रशिक्षणाला पाठवतात.

ती बालकल्याण समितीपुढे गेली. समितीचं टेबल तेवढंच राही, पण अर्जदारांचा बाक दर खेपेला बुटका होत असे. शेवटच्या खेपेला कुंदा झुंबरला मांडीवर घेऊन जवळपास जमिनीवरच बसली होती, आणि तिला सदस्यांचे फक्त बूट नि चपला दिसत होत्या. वरून एका बाईंचा मायाळू आवाज आला. मुलगी कुठंय, असं त्यांनी विचारलं.

"ही काय."

"ही नाही हो. प्रकरणातली. चाळीसची."

"ती हीच आहे, मॅडम. सहा-सात वर्षांची आहे. डोळ्यांनी बघा ना."

"कुंदाताई, एक जूनपर्यंत थांबा. मग दिसेलच."

आणि आदेश निघाला: वय पूर्ण झाल्यामुळे झुंबरला मुक्त करण्यात यावं. मुक्त. हा शब्द ज्यानं शोधला त्याला एकदा बाजार उठल्यावर कोबीच्या पाल्यात बसवलं पाहिजे.

उरलेले दिवस कुंदानं तिला चाळीस वर्षांच्या बाईला जे यायला हवं ते शिकवलं. गॅस पेटवायचा. सुटे पैसे दुकानदारानं दिले नाहीत तर तिथंच उभं राहायचं. खोली भाड्यानं देणारा फार गोड बोलला तर ती खोली घ्यायची नाही. झुंबर सगळं कवितेसारखं पाठ करी, नवऱ्याचं नाव विचारलं तर काय सांगायचं तेसुद्धा. एकदा वेणी घालून घेता घेता तिनं विचारलं, "चाळीसची झाल्यावर मला दात येतील ना, ताई?"

"येतील."

"मग?"

"मग पडतील," कुंदा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

मागं एकदा एका मुलीला ऐन एक जूनला गोवर निघाला होता. ती दवाखान्यात होती, आणि परत आली तेव्हा होती तेवढीच होती. म्हणजे त्या वेळी फाटकाच्या बाहेर असलं की झालं. एक जूनला कुंदा आपलं एक लुगडं पिशवीत घालून लवकर आली, झुंबरला हाताशी धरलं, आणि प्रार्थनेची घंटा होताच दोघी फाटकाशी गेल्या. फाटकावर मोतीराम होता. तो कुंदाला बहीण मानायचा, भाऊबीजेला नारळ आणायचा.

"मुलीले आदेशाबिगर सोडता येत नाही ना जी," तो म्हणाला.

कुंदानं आदेश पुढे केला. मोतीरामनं तो सावकाश वाचला.

"हा चाळीसच्या बाईचा हाये. हे पोरगी चाळीसची कुठं हाये?"

"तेच तर मी सगळ्यांना सांगतेय, मोतीरामभाऊ."

"मंग कशी सोडू?"

त्याचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, हेच तर इथलं दुखणं. आत मुलं प्रार्थनेचं शेवटचं कडवं म्हणत होती. कुंदानं झुंबरला उचलून फाटकावरून पलीकडे टाकायचं ठरवलं, काखेत हात घातले, उचललंही. तेवढ्यात प्रार्थना थांबली आणि तिच्या हातातलं ओझं वाढायला लागलं. आधी पाय जमिनीला टेकले. मग खांदे कुंदाच्या खांद्याला लागले. केस लांबत आले, कानांजवळ पिकले. फ्रॉक उसवला; कुंदानं घाईनं लुगडं गुंडाळलं, निऱ्या खोचल्या. आतून टाळ्या ऐकू आल्या. केक कापत असावेत.

मोतीरामनं आदेश पुन्हा वाचला, समोरच्या बाईकडे बघितलं, आणि फाटक उघडलं.

"जा बाई आता. मोठ्या माणसाले आत राहू देता येत नाही."

कुंदा तिच्यासोबत निघाली. मोतीरामनं आडवा हात धरला. आदेशावर एकच नाव हाये, एवढंच तो बोलला, तेही खाली बघून. फाटक लागलं.

झुंबर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. भरधाव ट्रक जात होते. रस्त्याशी आलं की मोठ्या माणसाचा हात धरायचा असतो, आणि मोठ्या माणसाचा हात नेहमी वर असतो. म्हणून तिनं आपला हात डोक्यावर, जाईल तितका उंच केला आणि बोटं उघडी ठेवून थांबली. कुंदानं गजांतून हाका मारल्या. ट्रकच्या आवाजात त्या कुठं पोचणार.

एक लाल बस हळू झाली आणि बरोबर तिच्यासमोर थांबली. कंडक्टर दारात आला.

"कुठं जायचं, बाई?"

झुंबर त्याच्याकडे बघून हसली. तोंडात पुढचे दात नव्हते. तिनं त्याचं बोट धरलं.