चालत्या चित्रांचे टेबल

मित्रांनो, सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या एका एचडीबी, म्हणजे सरकारी घरांच्या, ब्लॉकच्या सातव्या मजल्यावर, खिडकीलगत माझा मुक्काम आहे. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी चटकन ओळखू येत नाही. कोणाला वाटते ही शिवणयंत्राची जुनी पेटी असावी, तर कोणाला वाटते भिंतीला टेकवून ठेवलेला मोडका कॅरम बोर्ड. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी चित्रे काढायचे टेबल आहे, वयाने बरेच मोठे आहे, जन्माने जपानी आहे आणि आता मला मराठीही बऱ्यापैकी समजते.

माझा वरचा भाग उतरता आहे. मधोमध ताटाएवढी गोल काच बसवली आहे आणि तिच्या खालच्या कडेला तीन बारीक पितळी खुंट्या आहेत. कागदाला भोके पाडून तो खुंट्यांत अडकवायचा, म्हणजे हलत नाही. काचेखाली दिवा लावला, की एकावर एक ठेवलेल्या कागदांवरच्या रेषा आरपार दिसतात. मग या चित्रात उचललेला पाय पुढच्या चित्रात किती पुढे न्यायचा ते कळते. अशी शेकडो चित्रे भराभर दाखवली, की कागदावरचा माणूस चालू लागतो. ॲनिमेशन म्हणतात ते हेच. आता ते कॉम्प्युटरवर होते. माझ्या तरुणपणी माझ्यासारख्या टेबलांवर होत असे.

तोक्योमधल्या एका स्टुडिओच्या मागच्या अंगणात मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवले. मला जोडून झाल्यावर त्याने माझी पुढची कड पॉलिश पेपरने घासून घासून गोल केली. दिवसभर चित्रे काढणाऱ्या मुलींची मनगटे दुखू नयेत, म्हणून. ती कड अजून तशीच गुळगुळीत आहे.

माझ्यावर काम करायला आल्या त्या तोमोए इवाकिरी. उत्तरेकडच्या एका लहानशा बंदरातून नुकत्याच शहरात आलेल्या, शाळा संपवून, हातात एक कापडी पिशवी घेऊन. त्यांना आधी ‘मधली चित्रे’ काढायचे काम मिळाले. मोठे चित्रकार उठलेला माणूस आणि बसलेला माणूस काढायचे. उठण्यापासून बसण्यापर्यंतचे सगळे तोमोएबाईंनी भरायचे. हे काम कंटाळवाणे आहे असे बाकीच्या मुली म्हणत. तोमोएबाईंना मात्र त्यातच गोडी लागली. जेवणाच्या सुट्टीत त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहत आणि माणसांचे चालणे बघत. पोस्टमन कसा चालतो, नवी चप्पल घातलेली बाई कशी चालते, परीक्षेत नापास झालेला मुलगा घराकडे कसा चालतो. परत आल्या की गार झालेला भात एका हाताने खात आणि दुसऱ्या हाताने माझ्यावर ते चालणे काढत.

हळूहळू स्टुडिओत सगळे म्हणू लागले, चालणारा माणूस काढायचा असेल तर तोमोएला द्या. त्या मोठ्या चित्रकार झाल्या, मग दिग्दर्शक झाल्या. दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीवर त्यांनी पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्या काळात माझा दिवा इतका तापायचा, की काचेवर ठेवलेला खोडरबर मऊ पडायचा! मित्रांनो, आयुष्यातले माझे सगळ्यात आनंदाचे दिवस तेच, असे मला तेव्हा वाटत होते.

पण तो चित्रपट चालला नाही. कडाक्याच्या थंडीत प्रदर्शित झाला आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर थोडे दिवस फिरून उतरला. पुढे स्टुडिओही बंद पडला. सामान विकायला काढले तेव्हा तोमोएबाईंनी दुसरे काही मागितले नाही. फक्त मला मागून घेतले.

काही वर्षे मिळेल ते काम केल्यावर त्यांना सिंगापूरमधल्या एका ॲनिमेशन शाळेत शिकवायचे बोलावणे आले. मी जहाजातून, गवती चटईत गुंडाळून आले. इथल्या दमट हवेने माझे खण फुगले, ते उघडेनात. तोमोएबाईंनी त्यांना मेण लावून वठणीवर आणले. पंचवीसएक वर्षे त्यांनी या शहरातल्या मुलांना शिकवले. त्या मुलांनी कुठून तरी त्यांचा पडलेला चित्रपट शोधून पाहिला आणि एक विद्यार्थिनी वर्गात येऊन म्हणाली, “टीचर, शेवटी मी रडले.” त्या दिवशी घरी आल्यावर तोमोएबाई माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. मग हसल्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक छोटा चित्रपट हाती घेतला. विषय होता त्यांची आई. ती पाठीला टोपली बांधून घरोघर मासे विकायची. तिने एकटीने मुलीला वाढवले होते. आईचा चेहरा, टोपली, डोक्याचा रुमाल, सगळे कागदावर उतरले. पण ती चालेना. आयुष्यभर दुनियेचे चालणे टिपणाऱ्या तोमोएबाईंना स्वतःच्या आईचे चालणे काही केल्या आठवेना. लहानपणी त्या नेहमी आईच्या पुढे पळत असत. मागे वळून कधी बघितलेच नव्हते.

त्यातच त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण रेघ सरळ येईना. एके सकाळी त्यांनी सगळे कागद कपाटात ठेवले आणि दोन माणसांना बोलावून मला तिसऱ्या मजल्यावरून खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, नेऊन ठेवले. जुने सामान नेणारी गाडी दुपारी येणार होती.

मी खांबाशी उभे होते. तोमोएबाई जरा लांब बाकावर बसून होत्या. त्यांना वर जाववत नसावे.

तेवढ्यात संजीवनीबाई आल्या. त्या याच ब्लॉकमध्ये त्यांचा मुलगा निशिकांत याच्याकडे पुण्याहून राहायला आलेल्या. गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, त्यामुळे रोज सकाळी खाली फेऱ्या मारायच्या. दमल्या आणि माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

“बरं झालं बाई, तू इथं आहेस,” त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी काचेवरून बोट फिरवले, खुंट्या चाचपल्या आणि बाकावरच्या बाईंकडे पाहिले. दोघींची इंग्रजी बेताचीच, पण एकमेकींपुरती चालण्यासारखी.

“हे तुमचं आहे?”

“होतं.”

“मोडलंय का?”

“टेबल चांगलं आहे. माझा हात चांगला नाही.”

“अहो, मग शिक्षा टेबलाला कशाला?” संजीवनीबाई म्हणाल्या. “मी घेऊन जाऊ?”

तोमोएबाईंनी होकारार्थी मान हलवली आणि त्या उठून लिफ्टकडे गेल्या. मागे पाहिले नाही.

दुपारी आलेल्या गाडीच्या माणसांकडून संजीवनीबाईंनी मला सातव्या मजल्यावर आणवले. संध्याकाळी निशिकांत चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून घरी आला, तो दारातच थबकला.

“आई, हे काय आणलंस? आधीच भाड्याचा फ्लॅट, त्यात हॉल एवढासा!”

“माझ्या खोलीत राहील. तुझ्या सोफ्याला धक्का लागत नाही.”

त्याची मुलगी ऋचा माझ्याभोवती फिरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, धिस वन फॉर ॲनिमेशन लाह! शाळेत व्हिडिओ दाखवला होता आम्हांला. डोन्ट थ्रो!”

असे मी मराठी घरात आले. पुढचे काही आठवडे माझ्यावर मेथी निवडली गेली, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या पडल्या, ऋचाचे दप्तर आदळले. मी तक्रार केली नाही. माणसांच्या हाताखाली असणे मला अडगळीपेक्षा केव्हाही बरे वाटते. पण संजीवनीबाईंना चैन पडेना. लिफ्टमध्ये तोमोएबाई भेटल्या की त्या म्हणायच्या, “एकदा चहाला या. तुमचं टेबल बघून जा.” तोमोएबाई दर वेळी नम्रपणे वाकायच्या आणि टाळायच्या.

अखेर एका रविवारी त्या आल्या. त्या सकाळी निशिकांतने माझा जळका बल्ब काढून एलईडीची पट्टी बसवली होती. बटण दाबले आणि माझी काच कित्येक महिन्यांनी उजळली. तोमोएबाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि कडेवर मनगट टेकवले.

इतक्यात संजीवनीबाई स्वयंपाकघरातून चहा आणि पोह्यांचा ट्रे घेऊन निघाल्या. हातात ओझे, नवा गुडघा, नुकतीच पुसलेली फरशी. त्या पाऊल अलगद पुढे सरकवत, जरा थांबत, मगच त्यावर भार टाकत.

“थांबा!” तोमोएबाई एकदम उभ्या राहिल्या. “कृपा करून परत जा. पुन्हा या.”

“का हो? सांडलं की काय?”

“नाही. पुन्हा चाला. प्लीज.”

संजीवनीबाई गोंधळून मागे गेल्या आणि पुन्हा आल्या. तोमोएबाईंचे डोळे भरले होते.

“बंदराच्या धक्क्यावर बर्फ असायचं,” त्या म्हणाल्या. “आई आधी जमिनीला विचारायची, मग पाय ठेवायची. अशीच. अगदी अशीच.”

त्यांनी पेन्सिल मागितली. ऋचाने दिली. पहिलीच रेघ थरथरत भलतीकडे गेली. दुसरीही गेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर झाकून घेतला. संजीवनीबाई आत गेल्या आणि व्यायामासाठी पायाला बांधायचा आपला वाळूचा पट्टा घेऊन आल्या.

“हात द्या इकडे,” त्या म्हणाल्या आणि तो जड पट्टा त्यांनी तोमोएबाईंच्या मनगटाला बांधला. “आता काढा बघू.”

कंप गेला नाही, पण आवरला. रेघ आली. जाडसर, किंचित हलणारी, पण जिकडे जायचे तिकडे जाणारी.

त्यानंतर तोमोएबाई रोज सकाळी येऊ लागल्या. संजीवनीबाई घरासमोरच्या लांब कॉरिडॉरमध्ये चालायच्या आणि त्या माझ्यावर चित्रे काढायच्या. शेजारच्या मलाय आजी दारातून बघत बसायच्या. पण लवकरच तोमोएबाईंच्या ध्यानात आले, की मुख्य चित्रे त्यांच्याने होतील. मधली शेकडो होणार नाहीत.

“तुम्ही काढा,” त्या संजीवनीबाईंना म्हणाल्या.

“मी? अहो, मला साधा आंबा काढता येत नाही!”

“आंबा नको आहे.”

संजीवनीबाईंच्या पहिल्या चित्रात आईच्या हातांना तीन कोपरे आली होती. तोमोएबाई इतक्या हसल्या, की पट्टा सुटून खाली पडला. मग त्यांनी पहिल्यापासून शिकवले. खुंट्यांत कागद कसा अडकवायचा, दोन रेषांच्या मधली जागा डोळ्यांनी कशी पकडायची. आठवड्यागणिक कोपरे जागेवर आली. निशिकांतने एकदा विचारले, “आई, सारखी परत जायचं म्हणत होतीस. पुण्याचं तिकीट काढू ना?” त्यावर संजीवनीबाई मान वर न करता म्हणाल्या, “दिवाळीनंतर बघू रे. आता टोपली अर्धवट आहे.”

शेवटच्या प्रसंगापाशी काम अडले. आई थांबून मागे वळते आणि तिचा चेहरा दिसतो, असे ठरले होते. तोवर तोमोएबाईंचा हात आणखी बिघडला होता; पट्टा बांधूनही चेहऱ्याच्या नाजूक रेषा जमेनात.

“तुम्ही काढा,” त्या पुन्हा म्हणाल्या.

या वेळी संजीवनीबाईंनी पेन्सिल घेतली नाही. “मधलं सगळं भरीन. पण तुमच्या आईला मी पाहिलेलं नाही. तो चेहरा माझ्या हातून नको.”

खाली शाळेची बस येऊन गेली. मग तोमोएबाई म्हणाल्या, “आई वळणारच नाही. पुढे पळणारी मुलगी थांबेल. ती वळेल.”

मुलीचा चेहरा एवढासा, दोन ठिपके आणि एक रेघ. तो त्यांनी स्वतः काढला. सकाळी बसल्या त्या जेवणाची वेळ टळून गेली तरी उठल्या नाहीत. थरथरत्या रेषेतली ती मुलगी जणू धापा टाकत उभी राहून, येणाऱ्या आईकडे पाहते आहे असे वाटत होते. मित्रांनो, माझ्या काचेवरून हजारो चित्रे गेली, पण त्या चित्राखाली उजेड धरताना मला जो अभिमान वाटला तो आधी कधी वाटला नव्हता.

ऋचाने आणि निशिकांतने चित्रांचे फोटो घेऊन कॉम्प्युटरवर जोडले. टॅम्पिनीसच्या एका छोट्या सभागृहात चित्रपट दाखवला गेला. मी तिथे नव्हते. पण घरी आल्यावर सगळे एकदम बोलत होते, त्यातून मला कळले. ब्लॉकमधली पुष्कळ मंडळी आली होती, तोमोएबाईंचे जुने विद्यार्थी आले होते. चित्रपट संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. पडद्यावर नावे आली, तेव्हा तोमोएबाईंच्या नावाशेजारी, त्या स्वतः गिरवून गिरवून शिकलेल्या देवनागरी अक्षरांत ‘संजीवनी’ असे लिहिले होते.

“आज्जी, युअर नेम लाह!” ऋचा ओरडली म्हणे. आणि निशिकांत चष्मा पुसत बसला.

आता तोमोएबाई चित्रे काढत नाहीत. त्या रोज येतात, चहा घेतात आणि माझ्या उजव्या बाजूला बसतात. समोर बसतात त्या संजीवनीबाई. परवा त्यांनी कोरा कागद खुंट्यांत अडकवला आणि म्हणाल्या, “मला आमच्या ह्यांना काढायचंय.” त्यांचे यजमान पद्माकरराव ऋचाच्या जन्माआधीच वारले.

“कसे चालायचे?” तोमोएबाईंनी विचारले.

संजीवनीबाई सांगायला लागल्या, पण शब्द जुळेनात. मग त्या उठल्या. एक हात पाठीमागे घेतला, मान जराशी डावीकडे झुकवली आणि हॉलमधून ऐटीत, टाचा वाजवत चालू लागल्या. गुडघा विसरल्या. ऋचा वही टाकून बघत राहिली. त्याच वेळी दार उघडून निशिकांत आत आला आणि बूट काढता काढता तसाच उभा राहिला.

“बाबा,” तो म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा दिवा लावून बघा, एवढे तर मी सांगेनच. पण आणखी एक सांगते. आज संध्याकाळी तुमच्या घरचे माणूस कामावरून परत येईल, किंवा स्वयंपाकघरातून बाहेर येईल, तेव्हा हातातले काम थोडे बाजूला ठेवा आणि ते कसे चालते ते डोळे भरून बघून घ्या.