निळ्याची जागा

निळ्याने पिवळ्याची शेपटी पुन्हा कुरतडली होती. पिवळा मासा दगडामागे टाकीच्या काचेला चिकटून उभा होता. तीन दिवसांत त्याने दाणा तोंडात घेतला नव्हता. माझा नवरा अमृत म्हणाला, रविवारी निळा पुण्याच्या दुकानात परत देऊन टाकू. दुकानदाराचाही तोच सल्ला. मला ते पटेना. खाऱ्या पाण्याची ही टाकी मी हौसेने मांडली, तेव्हा पहिला आला तो निळाच. वर्षभर एकटा राहिला, टाकी आपलीच समजून बसला, आणि आता कालच्या नव्यासाठी त्याला घराबाहेर काढायचं?

निमगाव सावात समुद्राचे मासे पाळणारी सून म्हणून माझं नाव आधीच पुरेसं गाजलं आहे. दिवसभर नारायणगावच्या लॅबमध्ये रक्त तपासते आणि घरी येऊन पाण्यातलं मीठ. माझ्या सासूबाई कुशाबाई, म्हणजे आमच्या आत्या, या टाकीला मिठाचा हौद म्हणतात आणि तिच्याकडे पाठ करून बसतात. चाळीस वर्षं गोठा सांभाळलेली बाई. गुडघ्यांनी दगा दिला, गाई विकल्या, आणि तेव्हापासून घरात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. मीसुद्धा विचारत नव्हते, हे कबूल करते.

त्या दिवशी मात्र मेथी निवडता निवडता त्या वळल्या आणि बराच वेळ काचेतून बघत राहिल्या.

"जुनी गाय नवीला मारती म्हणून जुनी कुणी इकतं व्हय?" त्या म्हणाल्या. "जागा बदलायची असती."

मग त्यांनी रीत सांगितली. बेल्ह्याच्या बाजारातून नवी गाय आणली की जुनीला गोठ्याबाहेर, पण नवीच्या नजरेसमोर बांधायचं. आत सगळ्यांच्या जागा फिरवायच्या. चार दिवस नवीला गोठ्यात रुळू द्यायचं. मग जुनी आत येते तेव्हा तिला तिची गव्हाण सापडत नाही, आणि शिंगं उगारायच्या आधी ती वास घेत हिंडते.

मी निळ्याला जाळीच्या डब्यात घातलं, डबा टाकीतच टांगला आणि आतले दगड पार हलवले. आत्या खुर्ची ओढून पहाऱ्याला बसल्या. दुसऱ्याच दिवशी पिवळा खायला लागला. चौथ्या दिवशी मी निळ्याला सोडायला निघाले, तर म्हणाल्या, आज नको, अजून जाळीला धडका देतोय.

सहाव्या दिवशी सोडला. निळा सरळ आपल्या जुन्या कपारीकडे गेला, पण तिथे कपार नव्हतीच. एकदा पिवळ्याच्या अंगावर धावला; पिवळ्यानेही पाठीवरचा पंख ताठ केला. मग दोघेही बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत निळ्याने डावा कोपरा धरला होता. मला इतका आनंद झाला की मी चेष्टेत विचारलं, आत्या, हा उपाय माणसांवर चालतो का.

"चालतो की. तू लगीन व्हऊन आलीस, तवा मी म्हैनाभर पिंपळवंडीला भावाकडं ऱ्हायले, ते कशापायी?"

तेव्हा गाव म्हणत होतं, सासू रुसून गेली, आणि मीही तेच धरून चालले होते. त्या महिन्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे मी माझ्या सोयीने लावले. आत्या परत आल्या तेव्हा उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "साखर कुठं ठेवतीस गं?"

नऊ वर्षं मी तो टोमणा समजत होते.