छकुलीचा लिंब

आमच्या हसनाबादच्या शिवारात माझी ओळख एकच: पुंजाराम पारखल्याशिवाय घेत नाही. बैल घेतानाही मी दोनदोनदा दात बघायचो. त्यामुळे जालन्यात मस्तगडला बालकिशन शेठच्या इंजिन-पंपाच्या दुकानात झाडं कापायची मशीन घ्यायला गेलो, तेव्हा तिच्या साखळीचे दातही एकेक करून चाचपले. शेठ हसायला लागले.

"पाटील, बैल हाय का हा?"

"बैल आडला तर शेपटी पिरगाळता येती, शेठ. ही आडली मंजी?"

साल सत्त्याण्णव. माझं खालचं रान पाझर तलावात चाललं होतं. त्यात तेरा झाडं. बारांना कुऱ्हाड बास होती. तेरावा कडुलिंब आमच्या छकुलीचा. पोर दहा दिवसांची होऊन गेली. बारसंच झालं नाही, म्हणून नाव नव्हतं. लहान लेकराला जाळत नाहीत. बांधाला पुरलं आणि माझ्या बायकोनं, उषाबाईनं, वर लिंब लावला. बावीस वर्षं ती त्या लिंबालाच छकुली म्हणत आली.

बुलडोझरवाला झाडं मुळासकट उपटणार होता. तलावाच्या कामावरच्या साहेबांच्या पाया पडलो, तेव्हा ते म्हणाले, तुम्हीच आधी कापून घ्या, बुंधा राहिला तरी चालेल. म्हणजे मुळं तिच्यापाशी राहणार होती. पण काम एका दमात व्हायला हवं होतं. कुऱ्हाडीचा एकेक घाव मला सोसला नसता.

शेठनं आधी स्वस्तातली मशीन पुढे केली. सात वेळा दोरी ओढली तेव्हा कुठं ती खोकली. दुसरी जड होती, पण दुसऱ्याच ओढीला सुरू झाली. साखळीला तेल आपोआप जात होतं, सुटं सामान जालन्यातच मिळत होतं. तरी दुकानामागच्या बाभळीच्या ओंडक्यावर तीन वेळा चालवून बघितली.

"मधीच बंद तर पडणार न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई. धाव्यांदा इचारून राह्यले तुमी."

मी अकराव्यांदा विचारलं आणि मग घेतली.

आमच्याकडे झाड कापायचं तर आदल्या सांजेला त्याला सांगतात. हळदीकुंकू लावायचं, मूठभर ज्वारी ठेवायची आणि म्हणायचं, उद्या तुला कापणार, राग धरू नको. बारा झाडांना उषाबाईनंच सांगितलं होतं. तेराव्याचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही नाही. अंगारकी आली तशी मी तिला शेजारच्या नंदाबाईबरोबर राजूरच्या गणपतीला धाडलं.

जीप वळणाआड गेली आणि मी मशीन उचलली. शेठ खरं बोलले होते, ती एकदाही अडखळली नाही. बघता बघता लिंब आडवा झाला. मशीन बंद केली तेव्हा वर कावळे नुसते घिरट्या घालत ओरडत होते. मी तिथंच मातीत बसून लेकरासारखा रडलो. तरी मनाला समजावलं, की निदान उषाबाईच्या डोळ्यांसमोर तरी झालं नाही.

दिवस मावळायच्या आत ती परतली आणि घरी न जाता थेट रानात आली. हातात प्रसादाची पुडी होती.

"तुला सांगणार व्हतो गं मी," मी म्हणालो.

"मशीन घरात आली तवाच कळलं. मी म्होरं आसले आस्ते तर तुमचा हात चालला नसता. मनून तर गेल्ते." ती बुंध्यापाशी बसली. "पर काल सांजंला तिला सांगितलं व्हतं ना?"

मी मशीनवरचा भुसा पुसायला लागलो. मशीनचा एकेक दात पारखला. दुकानदाराला अकरा वेळा विचारलं. माझ्या पोरीला एकदाही सांगितलं नाही.

उषाबाईला उत्तर कळलं. तिनं पुडीतलं कुंकू बोटावर घेतलं, त्या ओल्या, ताज्या बुंध्याला लावलं आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाली,

"छकुले, उद्या तुजा बाप येनार हाय. भिऊ नको. त्याच्यावर राग धरू नको, बाई."