चौदा नंबरचा राखणदार

मी देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यापुढे अजूनही कोणीतरी नारळ ठेवून जातं. मी सिमेंटचा खांब आहे. उंची गुडघ्याएवढी, अंगावर चौदाचा आकडा आणि खाली दाखवणारा बाण. माझ्या पायाखाली जमिनीतून पाण्याचा मोठा नळ जातो, जपून खणा, एवढंच मला सांगायचं असतं.

माझा जन्म कोरगावात, सगुणच्या अंगणात झाला. सगुण पाणी खात्यात नळदुरुस्तीच्या कामावर होता. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्याने मला घडवलं आणि ओल्या अंगावर बोटानेच आकडा लिहिला. चाराचं शेपूट वाकडं गेलं.

त्याची बायको कमलाक्षी म्हणाली, "तुमच्यासारकोच जालो. मातसो वाकडो."

सगुणने मला रस्त्याच्या कडेला, ओहोळावरच्या मोरीजवळ, बरोबर नळावर उभं केलं. बसची वाट बघणारे माझ्यावर पाय ठेवून चपलेतला खडा काढायचे. कुत्री काय करायची ते सांगत नाही. सगुण सायकलवरून जाताना माझ्या डोक्यावर थाप मारायचा. गावातले सगळे नळ त्याला तोंडपाठ होते, त्यामुळे मला वाचायची वेळ कोणावर आलीच नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याची सायकल यायची थांबली.

त्याच पावसाळ्यात गवत काढणाऱ्या मशीनने मला मुळासकट उपटलं. महिनाभर मी चिखलात तोंड खुपसून पडलो होतो. कमलाक्षीने मला पाहिलं, पदराने पुसलं, वाकड्या चारावरून बोट फिरवलं आणि दोन माणसं लावून मला आपल्या दारच्या पायरीशी आणून पुरलं. खात्याला कळवीन म्हणाली. ते राहून गेलं. रोज सकाळी अबोली काढताना त्यातलं एक फूल ती माझ्या डोक्यावर ठेवायची. तिच्या लेखी मी सगुणच्या हातचं काम होतो.

पण गाव फूल बघतं. महिन्याभरात कोणी पणती लावली, कोणी शेंदूर फासला. माझा बाण आणि चौदा दोन्ही झाकले गेले आणि मी राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव झालो. लोक मला रोट म्हणजे जाड भाकरी देऊ लागले, सोड्याची बाटली देऊ लागले, पेटवलेली विडी ठेवू लागले. सिमेंटला विडी ओढता येत नाही, पण तक्रार कोणाकडे करणार? शेजारचा गुरुदास तर लेकीची सोयरीक जुळावी म्हणून अकरा नारळ देऊन गेला. सोयरीक जुळली. माझा भाव आणखी वाढला. कमलाक्षी मनातून अवघडली होती, पण तीन वर्षांत बोलायचा धीर तिला झाला नाही.

यंदा मे महिन्यात, गुरुदासच्या लेकीच्या, गौरवीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, इंटरनेटची केबल घालायला जेसीबी आला. मशीनवर धोंडिबा, बेळगावकडचा. पाणी खात्याचा नवा इंजिनीअर गौरेश नकाशा घेऊन हजर. सगळं कसं नियमाने चाललं होतं.

नकाशात लिहिलं होतं: नळ चौदा नंबर खांबाच्या खाली. गौरेशने माझा शेंदूर खरवडला, चौदा वाचला, खूश झाला आणि माझ्यापासून चुन्याची रेघ ओढत निघाला. रेघ तुळशीला वळसा घालून कोंबड्यांच्या खुराड्यातून थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला भिडली.

"मावशी, तुमच्या चुलीखालसून नळ जाता!" गौरेश म्हणाला.

"म्हणूनच वैनीची च्या पातळ जाता," गुरुदास म्हणाला. तो घाईत होता. उद्या चारशे माणसांचं जेवण, अजून टाक्या भरायच्या होत्या. "नळ हय आसा, मगे रस्त्याकडेन खणा आणि मोकळे जावा!"

धोंडिबाने मला हात जोडले. "देवापासनं लांबच खणतो, मालक." आणि मशीन मोरीकडे वळवलं. बरोबर नळावर.

मी काय करणार? मला बाण आहे, तोंड नाही.

कमलाक्षी पायरीवर उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या मांडवाकडे. मग चप्पल न घालताच धावली.

"धोंडिबा, थांब! मशीन बंद कर!" बकेट हवेतच थांबली. "तो देव न्हय. पाणी खात्याचो खांब तो. आमच्या ह्यांनी तेलाच्या डब्यात घातललो. मी उचलून हाडलंय. नळ मोरीकडे आसा. मे म्हयन्यात सगळी दरड सुकता, पण थंय अळू हिरवा ऱ्हवता. हे म्हणायचे, माजो नळ थंय घामेता."

धोंडिबाने मशीन बंद करून खाली उडी मारली.

"वैनी," गुरुदासचा आवाज फाटला, "मी ह्याका अकरा नाल्ल दिलंय! मगे गौरवीची सोयरीक जुळयली कोणी?"

मांडवातून हळदीच्या हातांनी गौरवी पुढे आली. "आमीच जुळयली, बाबा. तुये गावच्या फॅक्टरीत. कँटीनात."

गुरुदास खाली बसला. धोंडिबा हसू दाबायला मशीनच्या पलीकडे गेला.

गौरेशने मोरीजवळ कुदळीने, हळूहळू खणायला लावलं. तीन फुटांवर नळ लागला. सांध्यावर एक निळी चिंधी घट्ट गुंडाळलेली, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी.

कमलाक्षी वाकली. "अरे, ही माजी नायलॉनची साडी! न्हंयत धुताना व्हावून गेली म्हणून सांगललां ह्यांनी माका!" ती पोट धरून हसली. मग मोरीच्या कठड्यावर बसली आणि खड्ड्यातल्या त्या निळ्या चिंधीकडे बघत राहिली.

गौरेश संकोचत म्हणाला, "मावशी, खांब परत व्हरूचो लागतलो."

"व्हर," ती उठत म्हणाली. "ह्यांकाय घरात बसून ऱ्हवाची सवय नव्हती."

केबल नळापासून हातभर लांबून गेली. दुसऱ्या दिवशी चारशे माणसं जेवली, हात धुऊन घरी गेली.

आता मी पुन्हा मोरीजवळ उभा आहे. सांध्याला नवा पट्टा बसवला आहे, गळती थांबली आहे. ती चिंधी कमलाक्षीने धुऊन, घडी घालून ठेवली. म्हणजे यंदा इथलं अळू सुकणार. सगुण नाही, अळू नाही. खाली नळ आहे हे सांगायला उरलो मी एकटा. खणायच्या आधी नकाशा बघा, खात्याला विचारा, जवळच्या घरातही एकदा विचारा. आणि मला हलवू नका, भक्तीने तर मुळीच नको.

नारळ, विडी, सोडा काही नको. सकाळचं अबोलीचं एक फूल मात्र अजून येतं. तेवढं असू दे.